मोहम्मद अल-कीक यांचं ९४ दिवसांचं उपोषण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खटला न चालवता कैदेत ठेवण्याच्या प्रथेबद्दल बोलताना मी नेहमी या एका पत्रकाराची गोष्ट सांगते, आणि ऐकणाऱ्यांकडून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही प्रामाणिक कुतूहलातून, काही रागातून. दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे घेतले आहेत.

मोहम्मद अल-कीक कोण?

पॅलेस्टिनी पत्रकार. मूळ गाव दुरा. हे गाव वेस्ट बँकेच्या, म्हणजे इस्रायली लष्कराने व्यापलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशाच्या, दक्षिण भागात, अल-खलील शहराजवळ आहे. आपल्या बातम्यांत या शहराला हेब्रॉन म्हणतात. अल-कीक बिरझेत विद्यापीठात शिकले आणि तिथल्या विद्यार्थी चळवळीत होते. त्या काळातही त्यांना इस्रायली तुरुंग पाहावा लागला होता. २०१५ साली ते ३३ वर्षांचे होते आणि सौदी अरेबियातल्या 'अल-मज्द' वाहिनीसाठी रामल्लातून बातमीदारी करत होते. पत्नी फैहा शलश याही पत्रकार. घरात दोन लहान मुलं.

नाव 'किक' की 'कीक'?

अरबी उच्चाराला 'कीक' जवळचं. दोन्ही 'क' घशातून येतात, तो ध्वनी आपल्याकडे नाही. फुटबॉलच्या 'किक'शी काही संबंध नाही.

नेमकं काय घडलं?

२१ नोव्हेंबर २०१५ रोजी इस्रायली सैनिकांनी त्यांना रामल्लाजवळच्या अबू कश गावातल्या राहत्या घरातून उचललं. चौकशी सुरू झाली. आपल्याला खुर्चीला जखडून ठेवलं, धमक्या दिल्या, असं त्यांनी वकिलांमार्फत सांगितलं. चार दिवसांनी, म्हणजे २५ नोव्हेंबरला, त्यांनी जेवण बंद केलं.

इथे एक बारकावा आहे. पहिल्या दिवशी त्यांचं उपोषण 'खटल्याविना कैदे'विरुद्ध नव्हतं, कारण तो आदेश तेव्हा निघालेलाच नव्हता. ते चौकशीतल्या वागणुकीविरुद्ध होतं. डिसेंबरात लष्कराने त्यांच्यावर सहा महिन्यांचा प्रशासकीय स्थानबद्धतेचा आदेश बजावला. चौकशी झाली, आरोपपत्र मात्र आलं नाही, त्याजागी हा कागद आला. तेव्हापासून मागणी एका वाक्यावर आली : आरोप ठेवा, नाहीतर सोडा.

प्रकृती ढासळत गेली तसं त्यांना रामला (हे इस्रायलमधलं शहर, रामल्ला नव्हे) इथल्या तुरुंगाच्या दवाखान्यात आणि डिसेंबरअखेरपर्यंत उत्तर इस्रायलमधल्या अफुला गावच्या हा-एमेक रुग्णालयात हलवलं. तिथेही पहारा होताच, आणि बराच काळ त्यांना पलंगाला बांधून ठेवलं होतं. जानेवारीत काही दिवस त्यांच्या संमतीविना शिरेतून क्षार आणि द्रव दिले गेले. २७ जानेवारी २०१६ रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने सुटकेचा आदेश द्यायला नकार दिला. ४ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने स्थानबद्धता 'स्थगित' केली. १६ फेब्रुवारीला रामल्लाच्या रुग्णालयात हलवण्याची विनंती फेटाळली. २६ फेब्रुवारीला समझोता झाला : २१ मे रोजी सुटका, मुदतवाढ नाही. त्या दिवशी त्यांनी उपोषण सोडलं. तो ९४ वा दिवस होता. १९ मे २०१६ ला ते घरी परतले.

'प्रशासकीय स्थानबद्धता' म्हणजे काय? साधी अटक नव्हे का?

नाही, आणि सगळी गोष्ट या फरकावर उभी आहे.

साध्या अटकेत पोलीस सांगतात की अमुक दिवशी, अमुक ठिकाणी तुम्ही अमुक केलंत. तुम्ही म्हणता, मी तेव्हा तिथे नव्हतो. मग साक्षी, पुरावे, उलटतपासणी, निकाल. प्रशासकीय स्थानबद्धतेत झालेल्या गुन्ह्याबद्दल काही म्हणायचंच नसतं. 'हा माणूस पुढे धोका ठरू शकतो' एवढं लष्करी अधिकाऱ्याला वाटलं की पुरे. वेस्ट बँकेत हे १६५१ क्रमांकाच्या लष्करी हुकुमाखाली चालतं. एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने. सहा महिने संपले की पुन्हा सहा. किती वेळा? त्याला कमाल मर्यादा नाही. काही जणांनी अशीच एकामागून एक मुदतवाढ घेत वर्षंच्या वर्षं आत काढली आहेत.

आठ दिवसांच्या आत लष्करी न्यायाधीशासमोर आदेशाची तपासणी होते. सुनावणी बंद दाराआड. सुरक्षा यंत्रणा आपली फाइल न्यायाधीशाला दाखवते. कैद्याला आणि त्याच्या वकिलाला मिळतो तो चार ओळींचा सारांश, बहुतेक वेळा 'अमुक संघटनेचा कार्यकर्ता, परिसराच्या सुरक्षेला धोका' एवढाच.

या नियमाचं मूळ ब्रिटिशांच्या १९४५ सालच्या आणीबाणी नियमांत आहे. पॅलेस्टाइनवर तेव्हा ब्रिटिशांचा अंमल होता आणि हे नियम ज्यू भूमिगतांविरुद्धही वापरले जात होते. १९४६ साली तेल अवीवमध्ये ज्यू वकिलांनी परिषद भरवून त्यांचा जाहीर निषेध केला. त्यात कडाडून बोललेले याकोव्ह शिमशोन शापिरा पुढे इस्रायलचे न्यायमंत्री झाले. नियमांचा गाभा मात्र शिल्लक राहिला.

आरोप काहीतरी असतीलच ना? उगाच कोण कशाला धरेल?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो.

इस्रायलची अंतर्गत गुप्तचर संस्था 'शिन बेत' म्हणत होती की अल-कीक हमासच्या कारवायांत सामील आहेत. त्यांनी आणि त्यांच्या कुटुंबाने हे नाकारलं आणि बातमीदारीमुळेच पकडल्याचं सांगितलं. न्यायाधीशांनी गोपनीय फाइल पाहून ती भक्कम असल्याचं म्हटलं. यातलं खरं काय हे तुम्हाला-मला ठरवता येणार नाही. कारण ज्या ठिकाणी ते ठरतं, तो न्यायालयातला आरोपीचा पिंजरा, तिथे त्यांना उभंच केलं नाही.

मी ते निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र देत नाही, तसा माझा अधिकार नाही. पण इस्रायलकडे वेस्ट बँकेत लष्करी न्यायालयं आहेत आणि तिथे पॅलेस्टिनींना दोषी ठरवणं यंत्रणेला अवघड जातं असा कुणाचाही अनुभव नाही. पुरावा भक्कम होता तर त्या न्यायालयातही तो ठेवायचा नाही, हे मला पटत नाही. 'खबऱ्यांची नावं उघड होतील' हे कारण दिलं जातं. काही प्रकरणांत ते खरंही असेल. पण शेकडो माणसांना एकच कारण लागू होतं, तेव्हा त्याला अपवाद म्हणता येत नाही. २०१५ च्या अखेरीस सुमारे ६०० पॅलेस्टिनी अशा कैदेत होते.

मग वकील करतो तरी काय?

अंदाज. फाइलमध्ये काय असेल याचा अंदाज बांधून त्याला उत्तर देतो. डोळे बांधून कबड्डी खेळावी तसं. काही कैद्यांनी आणि वकिलांनी म्हणूनच अशा सुनावण्यांवर बहिष्कार घातला आहे. आपण हजर राहिलो की कार्यवाहीला खटल्याचं रूप येतं, आणि खटला तर तिथे नसतोच, असं त्यांचं म्हणणं.

४ फेब्रुवारीला स्थानबद्धता स्थगित झाली होती. मग उपोषण का सोडलं नाही? हा हट्टच नव्हे का?

वरवर पाहता तसं वाटतं. मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं होतं. न्यायालय म्हणतं, तू आता कैदी नाहीस. बायको भेटू शकते, नातेवाईक येऊ शकतात. मग चमचाभर पाणी-साखर घ्यायला काय हरकत?

उत्तर 'स्थगित' या शब्दात आहे. आदेश रद्द झाला नव्हता. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की माणूस इतका खंगला आहे की आजच्या घडीला त्याच्यापासून धोका नाही. म्हणजे शब्द न उच्चारता दुसरी बाजूही सांगितली होती : बरा झाला की धोका परत. शिवाय परवानगीशिवाय रुग्णालय सोडायचं नाही अशी अट होतीच.

हे निव्वळ संशयावर नव्हतं. अवघ्या सहा महिन्यांपूर्वी, ऑगस्ट २०१५ मध्ये, मोहम्मद अल्लान या पॅलेस्टिनी वकिलाच्या बाबतीत हेच घडलं होतं. सुमारे दोन महिन्यांचं उपोषण, मेंदूला इजा झाल्याची शंका, न्यायालयाकडून स्थानबद्धता स्थगित. अल्लान यांनी उपोषण सोडलं. सप्टेंबरात प्रकृती सुधारली, रुग्णालयातून सोडायची वेळ आली आणि त्यांना पुन्हा त्याच आदेशाखाली ताब्यात घेतलं.

अल-कीक यांच्यासमोर हे ताजं उदाहरण होतं. उपोषण सोडायचं, अन्न घ्यायचं, अंगात ताकद आणायची, आणि त्या ताकदीच्याच कारणाने परत तुरुंगात जायचं. या गणितात अशक्तपणा हीच त्यांची एकमेव जामिनाची रक्कम होती. त्यांनी ती परत देऊ केली नाही, आणि आणखी २२ दिवस उपाशी राहिले.

रामल्लाच्याच रुग्णालयात जायचा आग्रह कशासाठी?

रामल्ला पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. तिथे उपचार घेणं म्हणजे स्थानबद्धता खरोखर संपली याची खूण. अफुलाच्या खोलीत राहून बरं होणं म्हणजे दारापाशी उभ्या शिपायाच्या नजरेखाली बरं होणं. न्यायालयाने १६ फेब्रुवारीला नकार दिला आणि अखेर समझोत्यात त्यांना अफुलातच उपचार घ्यावे लागले. ही मागणी त्यांना मिळाली नाही.

९४ दिवस माणूस जगतो? काहीतरी खात असतील.

'उपोषण' शब्दाने आपल्याकडे थोडा घोटाळा होतो. आपल्याला एकादशी आठवते, साबुदाणा आठवतो. तहसील कचेरीसमोरचा मंडप आठवतो, साखळी उपोषणात आज हे बसले उद्या ते, आणि शेवटी कुणा मंत्र्याच्या हातून लिंबूपाणी. यात आमरण उपोषणाला बसून जीव धोक्यात घातलेले लोकही आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण अल-कीक फक्त पाणी घेत होते. मीठ, जीवनसत्त्वं, साखर यांपैकी स्वतःहून काही नाही, आणि वैद्यकीय तपासणीलाही नकार.

शरीरात काय होतं ते सांगते. यकृतातली साठवलेली साखर साधारण एका दिवसात संपते. मग चरबी जळू लागते आणि तिच्यापासून तयार होणाऱ्या द्रव्यांवर मेंदू भागवून घेतो. थोड्या दिवसांनी भुकेची जाणीवच बोथट होते. सोबत स्नायूही झिजतात, आणि हृदय हाही स्नायूच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उभं राहिलं की घेरी, थंडी वाजणं, पाण्याचीही शिसारी. ब-१ जीवनसत्त्वाचा साठा तोवर संपत आलेला असतो, त्याने डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, एकाचे दोन दिसतात, उलट्या होतात, स्मृती आणि तोल कायमचा जाऊ शकतो. पुढे ऐकू कमी येतं, दिसणं कमी होतं. अल-कीक यांच्या बाबतीत वकिलांनी वाचा आणि श्रवण दोन्ही ढासळल्याचं सांगितलं होतं. फेब्रुवारीत त्यांचं वेदनेने ओरडणं टिपलेलं एक चित्रीकरण बाहेर आलं. मी ते एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकवलं नाही.

१९८१ साली उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात दहा कैदी उपोषणात मरण पावले, ते ४६ ते ७३ दिवसांच्या दरम्यान. त्या हिशेबाने ९४ हा आकडा फार मोठा आहे. जानेवारीत सक्तीने दिलेले क्षार-द्रव इथे ध्यानात ठेवायला हवेत. ते त्यांनी मागितले नव्हते, पण शरीरात गेले होते.

आणि उपोषण सोडल्यावरही धोका संपत नाही. इतक्या दिवसांनी पोटभर खायला दिलं तर रक्तातली फॉस्फेटसारखी द्रव्यं एकदम खाली येतात आणि हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हे पाहिलं. त्यामुळे पहिला घास चमच्याने, मोजून.

त्यांना जबरदस्तीने जेवण का भरवलं नाही?

तसा कायदा होता. इस्रायलच्या संसदेने ३० जुलै २०१५ रोजी, ४६ विरुद्ध ४० मतांनी, उपोषण करणाऱ्या कैद्याला न्यायालयाच्या परवानगीने सक्तीने अन्न देण्याचा कायदा केला. पण खुद्द इस्रायली डॉक्टरांच्या संघटनेने त्याला विरोध केला आणि सदस्यांना सांगितलं की यात हात घालू नका. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला तरी डॉक्टरांनी भूमिका बदलली नाही. इस्रायलवर टीका करताना या डॉक्टरांना विसरू नये असं मला वाटतं. जागतिक वैद्यक संघटनेचीही १९७५ च्या टोकियो आणि १९९१ च्या माल्टा जाहीरनाम्यांपासून हीच भूमिका आहे : शुद्धीवर असलेल्या, समजून-उमजून नकार देणाऱ्या माणसाच्या घशात नळी घालायची नाही.

याला इतिहास आहे. १९८० साली इस्रायलच्या नफ्हा तुरुंगातल्या उपोषणात रासेम हलावा आणि अली अल-जाफरी हे दोन कैदी सक्तीने अन्न भरवल्यानंतर मरण पावले. आपल्याला याचं कारण वेगळं समजावून सांगावं लागू नये. लाहोरच्या तुरुंगात १९२९ साली जतींद्रनाथ दासांना असंच भरवायचा प्रयत्न झाला, तेव्हा दूध फुप्फुसात गेलं. ६३ व्या दिवशी, १३ सप्टेंबरला, ते गेले.

ही आत्महत्या नाही का?

नाही. आत्महत्या करणाऱ्याला मरण हवं असतं. उपोषण करणाऱ्याची मागणी असते आणि ती मान्य झाली की तो जेवतो. अल-कीक २६ फेब्रुवारीला जेवले.

पत्नीचं काय?

फैहा शलश यांच्याबद्दल कमी लिहिलं जातं. नवरा इस्रायलमधल्या रुग्णालयात, स्वतः वेस्ट बँकेत. मधे तपासणी नाकी आणि परवान्यांची भिंत. त्या पत्रकार परिषदा घेत राहिल्या, सभांत बोलत राहिल्या, रोज नव्याने तेच सांगत राहिल्या. स्वतः बातमीदार असल्याने त्यांना पक्कं ठाऊक होतं की ५० व्या दिवसाची बातमी होते, ५१ व्या दिवसाची होत नाही. नवऱ्याने उपोषण सोडावं असं त्यांनी जाहीरपणे कधी म्हटलं नाही. मनात काय चाललं असेल ते त्यांचं त्यांना.

असं करणारे ते पहिलेच होते का?

मुळीच नाही. पॅलेस्टिनी बोलीत या मार्गाला नाव आहे : 'मअरकत अल-अम्आ अल-खाविया', रिकाम्या आतड्यांची लढाई. १९७० साली अश्कलोन तुरुंगातल्या उपोषणात अब्दुल कादर अबू अल-फहम यांचा मृत्यू झाला, तिथपासून ही साखळी सांगितली जाते. आधीची उपोषणं बहुधा सामूहिक असत आणि तुरुंगातल्या परिस्थितीबद्दल असत : गाद्या, पुस्तकं, भेटीगाठी.

एकट्याने, स्वतःच्या स्थानबद्धतेविरुद्ध उपोषण करायची लाट आली ती खादर अदनान यांच्यामुळे. जेनिनजवळच्या अर्राबा गावचा हा माणूस, बेकरी चालवायचा, इस्लामिक जिहाद या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेशी संबंधित. डिसेंबर २०११ ते फेब्रुवारी २०१२ असे ६६ दिवस उपाशी राहून त्यांनी सुटकेची तारीख मिळवली. मग हना शलबी ४३ दिवस. गाझाचा फुटबॉलपटू महमूद सरसक जवळजवळ तीन महिने. २०२० मध्ये माहेर अल-अख्रस १०३ दिवस. २०२१-२२ मध्ये हिशाम अबू हव्वाश १४१ दिवस. आकडे असे वाढत गेले, आणि त्यात मला एक भयंकर गोष्ट दिसते. पहिल्याला ६६ दिवसांत जे मिळालं त्यासाठी नंतरच्या काहींना शंभरी ओलांडावी लागली. यंत्रणेचीही सहनशक्ती वाढते. दुसऱ्याच्या भुकेची.

खादर अदनान २ मे २०२३ रोजी कोठडीत मरण पावले. तेव्हा ते ८० हून जास्त दिवस उपाशी होते. त्या वेळी मात्र त्यांच्यावर रीतसर आरोप ठेवलेले होते, हे नोंदवायला हवं.

इस्रायलची बाजू काय?

थोडक्यात पण नीट सांगते. त्यांचं म्हणणं असं की देशावर सतत हल्ले होतात. अल-कीक यांना पकडलं ते २०१५ च्या त्या शरद ऋतूत, जेव्हा सुरीहल्ले आणि गाड्या अंगावर घालण्याचे प्रकार जवळजवळ रोज होत होते आणि इस्रायली नागरिक मरत होते. काही माहिती खबऱ्यांकडून किंवा टेहळणीतून येते, ती उघड केली तर माणसं मरतील किंवा साधन निकामी होईल. हल्ला होण्याआधी थांबवणं सरकारचं काम आहे. न्यायालयीन तपासणी आहेच. चौथा जिनिव्हा करार व्यापलेल्या प्रदेशात सुरक्षेसाठी स्थानबद्धतेला परवानगी देतो. उपोषण करणाऱ्याला सोडलं तर उद्या प्रत्येक जण उपाशी बसेल.

यातला जिनिव्हा कराराचा मुद्दा अर्धा खरा आहे. कराराचं ७८ वं कलम अशी परवानगी देतं, पण 'सुरक्षेची अत्यंत निकड' असेल तेव्हाच. जे शेकडो लोकांना, वर्षानुवर्षं, ठरावीक मजकुराच्या आदेशाने लागू होतं, ते निकडीत कसं बसवायचं? भीती खरी आहे हे मी मान्य करते. ज्याच्या घरातलं माणूस बसस्टॉपवर मारलं गेलं त्याला मी कायद्याची कलमं ऐकवणार नाही. पण त्या माणसालाही मारेकऱ्यावर खटला झालेला हवा असतो.

पत्रकार होते म्हणून एवढा गवगवा झाला का?

काही अंशी हो. पत्रकार संघटना, अॅम्नेस्टी इंटरनॅशनल, संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी बोलले. अनेक अनाम कैद्यांसाठी कुणी बोलत नाही.

पण पत्रकाराच्या बाबतीत या कैदेचं एक वेगळं टोक आहे. तुम्ही एखादी बातमी केली म्हणून खटला भरला, तर निदान कोणत्या बातमीमुळे ते कळतं. बाकीचे बातमीदार सावध होतात किंवा लढतात. कारणच सांगितलं नाही तर प्रत्येक जण मनातल्या मनात आपलीच यादी तपासत बसतो. तो मोर्चा दाखवायला नको होता का? त्या माणसाची मुलाखत? अल-कीक यांचं उपोषण सुटल्यानंतर दोनच महिन्यांत, एप्रिल २०१६ मध्ये, पॅलेस्टिनी पत्रकार संघटनेचे पदाधिकारी ओमर नज्जाल यांना जॉर्डनच्या सीमेवर पकडलं. ते युरोपातल्या पत्रकारांच्या बैठकीसाठी सारायेव्होला निघाले होते. त्यांनाही स्थानबद्धच केलं.

आपल्याकडे असं काही नाही ना?

आहे. 'एमपीडीएखाली एक वर्षासाठी स्थानबद्ध, येरवड्यात रवानगी' ही बातमी महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्हा आवृत्तीत आठवड्यातून एकदा तरी असते. १९८१ चा हा राज्याचा कायदा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले वगैरेंसाठी केलेला. देशपातळीवर १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आहे. दोन्हींत खटल्याविना बारा महिन्यांपर्यंत आत ठेवता येतं.

फरकही आहेत आणि ते छोटे नाहीत. आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमाप्रमाणे स्थानबद्धतेची कारणं कैद्याला कळवावी लागतात (सार्वजनिक हिताच्या नावाखाली काही तपशील झाकता येतात ते वेगळं), आणि तीन महिन्यांपुढे ठेवायचं तर सल्लागार मंडळाची संमती लागते. एका आदेशाला वरची मर्यादा आहे. पण त्या मंडळासमोर वकील उभा करायचा हक्क नाही.

आणि मिसा तर घराघरात माहीत आहे. आणीबाणीत येरवड्याला, नाशिकरोडला मिसाबंदी राहिलेल्यांची मुलं-नातवंडं आज हे वाचत असतील. कुलदीप नय्यर हे पत्रकार त्याच मिसाखाली तुरुंगात गेले होते. त्याआधी १९१९ च्या रौलट कायद्याविरुद्धची घोषणा 'ना वकील, ना दलील, ना अपील' अशी होती. १९४३ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी २१ दिवसांचं उपोषण केलं तेव्हा तेही खटल्याविना स्थानबद्धच होते. पॅलेस्टाइनमधले १९४५ चे नियम आणि आपल्याकडचे भारत संरक्षण नियम एकाच साम्राज्याच्या दफ्तरातून आलेले. म्हणून हा विषय मला दूरचा वाटत नाही.

शेवटी उपोषणाने मिळालं काय?

सुटकेची तारीख. ज्या कैदेला शेवटच नसतो तिच्यात एक तारीख लिहून मिळणं ही लहान गोष्ट नाही. कायदा बदलला नाही. फाइल उघडली गेली नाही. आरोप खोटे ठरले असंही कुणी म्हटलं नाही.

सुटल्यावर पुढे?

१५ जानेवारी २०१७ रोजी ते बेथलेहेममधल्या एका निदर्शनाहून परतत होते. मारल्या गेलेल्या पॅलेस्टिनींचे मृतदेह कुटुंबांना परत द्या, अशी त्या निदर्शनातली मागणी होती. रामल्लाजवळच्या बेत एल नाक्यावर त्यांना पुन्हा पकडलं. पुन्हा प्रशासकीय स्थानबद्धतेचा आदेश निघाला. ६ फेब्रुवारीला त्यांनी पुन्हा जेवण बंद केलं आणि ते १० मार्चपर्यंत चाललं. पहिलं उपोषण सुटून तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं.

आज स्थिती काय आहे?

ऑक्टोबर २०२३ नंतर प्रशासकीय स्थानबद्धांची संख्या ३,००० च्या वर गेली, म्हणजे अल-कीक यांच्या वेळच्या पाचपटीहून जास्त. पत्रकारांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या समितीने १ डिसेंबर २०२४ रोजी जगभरच्या तुरुंगांतल्या पत्रकारांची मोजणी केली, तेव्हा इस्रायलच्या ताब्यात ४३ पत्रकार होते, सगळे पॅलेस्टिनी. चीनच्या खालोखाल.

हा आदेश अधूनमधून काही ज्यू वसाहतवाल्यांवरही, म्हणजे वेस्ट बँकेत वस्ती करून राहिलेल्या इस्रायलींवरही, निघत असे. २०१५ च्या उन्हाळ्यात दुमा गावातलं पॅलेस्टिनी घर पेटवून दिल्यानंतर काही कडव्या तरुणांना असंच स्थानबद्ध केलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये संरक्षणमंत्री इस्रायल काट्झ यांनी वसाहतवाल्यांसाठी त्याचा वापर बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच प्रदेशात राहणाऱ्या पॅलेस्टिनींसाठी तो हुकूम आणि सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ चालू राहिली.